‘अजून दोन द्यायच्या होत्या’

सकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. तुमच्याकडेही आला असेलच. सिग्नलला ट्रिपल सीट चाललेल्या पोरांना पोलिसानं अडवलंय, मधला पोरगा मान उडवून काहीतरी बोलतो आणि खाडकन कानाखाली. अकरा सेकंद. मग तीच कानाखाली पुन्हा स्लो मोशनमध्ये, मागे ढोल-ताशा लावून. खाली सिंह, सिंह, सिंह, सॅल्यूट, ‘रिअल सिंघम’. आणि आमच्या वर्गातला एकजण, बँकेत मॅनेजर आहे, आयुष्यात कधी रिक्षावाल्याशीही आवाज चढवून बोललेला नाही, तो लिहितो, ‘अजून दोन द्यायच्या होत्या.’

याच माणसानं गणपतीत याच ग्रुपवर काय टाकलं होतं सांगू? खुर्चीत मान टाकून झोपलेल्या हवालदाराचा फोटो. ‘आपला टॅक्स विश्रांती घेताना.’ त्यावर गडाबडा लोळणारे इमोजी, आणि पोटावरून एक विनोद, तो असतोच. त्या फोटोत हवालदाराच्या दोन्ही बुटांच्या नाड्या सोडलेल्या होत्या. माणूस नाड्या कधी सोडतो ते पोलीस लाइनीत वाढलेल्या पोरीला विचारा. पाय सुजल्यावर.

मी तेव्हाही गप्प बसले. आज बसणार नाही.

मी हवालदाराची मुलगी. गावाचं नाव लिहीत नाही, अप्पांना आवडणार नाही. दोन खोल्या, चार घरांत एक नळ, आणि भिंत इतकी पातळ की शेजारच्या काकांची रातपाळी संपली हे त्यांच्या बूट काढण्याच्या आवाजावरून कळायचं. १९८९ साल, मी सातवीत. अनंत चतुर्दशीच्या सकाळी अप्पा बंदोबस्ताला गेले ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. आईनं पाणी तापवलं, मीठ टाकलं, घमेलं पुढे ठेवलं. अप्पांनी पाय घातले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘हात उचलला गेला.’

झालं होतं ते असं. मिरवणूक सरत आलेली, रस्ता मोकळा करा म्हणून साहेबांचा हुकूम, आणि एक केळीवाला पोरगा गाडी हलवेना. चौदा-पंधरा वर्षांचा. अप्पांनी दोनदा ओरडून सांगितलं. तिसऱ्यांदा दिली. दिल्यावर त्यांना दिसलं की गाडीचं चाक गटाराच्या जाळीत अडकलंय. पोरगं सांगत होतं, पण ढोलांत ऐकू कोणाला येणार!

मग अप्पांनीच खांदा लावून चाक काढून दिलं. पोरगं गाडी घेऊन पळालं.

तिसऱ्या दिवसापासून आमच्या घरी केळी यायला लागली. रोज डझनभर. आई म्हणे, अहो, खाणार कोण? तर शिकरण. रोज रात्री शिकरण-पोळी, महिना-सव्वा महिना. माझा भाऊ आज पन्नाशीला आलाय, केळ्याला हात लावत नाही.

हे मी का सांगतेय? कारण आज कोणीतरी ती कानाखाली शूट केली असती. अर्ध्या गावानं अप्पांचा सिंह केला असता, उरलेल्या अर्ध्यानं निलंबन मागितलं असतं. कॅमेरा चाकाकडे गेलाच नसता.

तुम्ही ज्याला ‘आम्ही पोलिसांच्या पाठीशी’ म्हणता ना, ते मला मुळीच पाठीशी वाटत नाही. तुम्हाला बॉसचा राग आलेला असतो, ट्रॅफिकचा आलेला असतो, हल्लीच्या पोरांचा तर कायमच. तो काढायला तुम्ही त्याचा हात उसना घेता. राग तुमचा, हात त्याचा, आणि उद्या खात्याची चौकशी लागली की तीही त्याचीच. तेव्हा सिंहवाले कुठे असतात? नवीन सिंहाच्या व्हिडिओखाली.

६ डिसेंबर २०१९ आठवतंय? हैदराबादजवळ एका तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनाचे चार आरोपी पहाटे पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. गुन्हा भयंकर होता, त्या मुलीचं काय झालं ते वाचून मीही दोन रात्री झोपले नव्हते. पण लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, राख्या बांधल्या. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पेढ्यांचा फोटो आला होता, आणि खोटं कशाला बोलू, अंगठा मीही दाखवला होता. नंतर सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये बाहेर आला. अध्यक्ष न्यायमूर्ती सिरपूरकर, नागपूरला वकिली केलेला आपला मराठी माणूस. चकमकीची गोष्ट विश्वास ठेवण्यासारखी नाही, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा, असं त्यात लिहिलंय. मेलेल्या चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असंही. तो अहवाल सोसायटीच्या ग्रुपवर आला नाही. पेढे आले होते.

लांब कशाला जायचं, बदलापूर घ्या. २० ऑगस्ट २०२४ ला तिथल्या स्टेशनात दिवसभर लोकल अडवून धरल्या होत्या. शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराची तक्रार घ्यायला पोलिसांनी उशीर लावला म्हणून लोक पेटले होते, आणि ते पेटणं बरोबरच होतं. त्या दिवशी पोलिसांवर दगड पडले. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला आणि त्याच पोलिसांच्या नावानं फटाके. ‘बदला पुरा’ म्हणून बॅनर. मधे जेमतेम महिना गेला होता! पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवरच ठपका आला, तोवर बॅनरवर दुसऱ्या कोणाचा वाढदिवस.

आणि तुम्हीच सव्वीस नोव्हेंबरला तुकाराम ओंबळ्यांचा फोटो डीपीला लावता. लावा, मीही लावते. पण त्या माणसानं केलं काय ते तरी आठवा. हातात लाठी, समोर एके-४७. नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या पोटात घेतल्या, सोडली नाही. साताऱ्याकडचा, जावळीतला सहायक फौजदार. त्यांच्यामुळे कसाब जिवंत हाती लागला. जिवंत. मग खटला चालला, त्याला वकील दिला गेला, अपील सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. चार वर्षं लागली म्हणून तेव्हा कुरकुरणारेही तुम्हीच, बिर्याणीच्या गोष्टी चघळणारेही तुम्हीच. ओंबळ्यांचा फोटो लावायचा आणि ‘कोर्ट कशाला, तिथंच ठोका’ लिहायचं. जमतं कसं?

बास. चहा टाकते.

…

हां. तर.

पोलीस पैसे खातात. खातात, मान्य. अप्पांच्या बरोबरीच्या दोघांचे बंगले मी पाहिलेत. गरिबाची तक्रार घ्यायला दहा हेलपाटे घालायला लावतात, कोठडीत माणसं मरतात, परभणीचं नाव काढलं की माझ्याकडे उत्तर नसतं. मला स्वतःला पर्स चोरीला गेली तेव्हा चार तास बाकावर बसवून ‘हरवली असं लिहा’ म्हणून सांगितलं होतं. तेव्हा मीही हवालदाराची मुलगी असल्याचं विसरून काय काय बोलले. लिहिलं, झालं. तरीही माझं म्हणणं तेच आहे.

आता रील्स. माझी भाची पोलिसात आहे, तीन वर्षं झाली. गणवेशात, कॉलर ताठ करत, गाडीतून उतरताना स्लो मोशन, मागे डायलॉग. मला ते बघवत नाही. आमच्या घरी अप्पांची वर्दी खुंटीवर असायची आणि तिच्या खाली उभं राहून आम्ही भांडायचंसुद्धा नाही. तर मी तिला फोन करून झापलं. वर्दी काय मिरवायची गोष्ट आहे का, वगैरे. पोरगी शांतपणे म्हणाली, ‘मावशी, ह्या रीलला दोन लाख लोकांनी बघितलं. बंदोबस्ताला बायकांना जायला संडास नसतो, सकाळपासून पाणी पीत नाही आम्ही, असं मी बोलले होते ना, त्याला तीनशे. आणि तेच डिलीट करायला लावलं.’

माझ्याकडे यावरही उत्तर नव्हतं.

कारण पोलिसानं बोलायचं कुठे? कारखान्यातल्या कामगाराला युनियन आहे, शिक्षकाला आहे, एसटीच्या कंडक्टरला आहे. पोलिसाला तसली संघटना करायची तर १९६६ चा कायदा आडवा येतो. १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी पंधरा ऑगस्टला काळ्या फिती लावल्या होत्या. तीनच दिवसांनी त्यांचे पुढारी उचलले, पोलीस रस्त्यावर उतरले, शहर पेटलं, सैन्य बोलवावं लागलं आणि कित्येकांची नोकरी गेली. संघटना तिथंच संपली. अप्पा तेव्हा जिल्ह्यात शिपाई. त्या दिवसांबद्दल ते अजूनही हळू आवाजात बोलतात, जसं काही भिंतीपलीकडे साहेब बसलाय.

२०२५ च्या जुलैत शासनाचं परिपत्रक निघालं. सरकारी कर्मचाऱ्यानं गणवेशातले, सरकारी गाडीतले रील स्वतःच्या खात्यावर टाकायचे नाहीत. मला आधी बरं वाटलं, सुटलो त्या स्लो मोशनमधून. मग पुढं वाचलं. सरकारच्या धोरणावर टीकाही करायची नाही. म्हणजे कॉलर ताठ करायची नाही हे ठीक, पण संडास नाही म्हणायचंही नाही? मुंबई पोलिसांच्या खात्यावरचे हेल्मेटचे विनोद मला आवडतात, हसते मी. पण ते खातं खात्याचं. त्यात माझ्या भाचीला जागा नाही.

पाठीशी उभं राहायचंय ना? मग २०१६ मध्ये मुंबईत देवनारला आठ तासांची ड्युटी करून बघितली होती, ती कल्पना एका साध्या शिपायानं मांडली होती, आयुक्त होते पडसलगीकर, त्याबद्दल एक तरी पोस्ट टाका. ते सगळीकडे, सगळ्यांना, कायमचं का नाही म्हणून आमदाराला विचारा. पुण्याची विसर्जन मिरवणूक तीस-तीस तास चालते, त्यातला शेवटचा स्पीकर तुमच्याच मंडळाचा असतो, तो दोन तास आधी बंद करा. नाही करणार. सिंह टाकणं फुकट असतं.

परत राग यायला लागला मला. आणि केळ्यांचं एक राहिलंच, खरं तर तेच लिहायला बसले होते.

एकदा अप्पा मला बरोबर घेऊन गेले होते त्या गाडीवर. पोरानं आम्हाला लांबूनच बघितलं आणि डझन बांधून तयार ठेवला. अप्पांनी पैसे पुढं केले तर घेईना. ‘राहू द्या साहेब.’ अप्पा म्हणाले, घे. ‘राहू द्या.’ रोज असंच चालायचं म्हणे. अप्पांनी नाणी गाडीच्या कडेला ठेवली आणि आम्ही निघालो. मी मागं वळून बघितलं. पोरानं नाण्यांना हात लावला नव्हता, आम्ही वळणावर जाईपर्यंत नुसता उभा होता. मला त्याचा इतका राग आला! आमचे अप्पा एवढे रोज येतायत, पूर्ण पैसे देतायत, आणि हा साधं हसत नाही.

त्या पोराला काय वाटत असेल हे मला कळायला पुढची वीस वर्षं लागली. ज्यानं मारलं तोच वर्दीतला माणूस रोज संध्याकाळी गाडीसमोर येऊन उभा राहतोय. काय हवंय याला? अप्पांना ‘चुकलं’ म्हणता येत नव्हतं, म्हणून ते केळी घेत होते. त्याला ‘येऊ नका’ म्हणता येत नव्हतं, म्हणून तो केळी देत होता. दिवाळीच्या सुमारास त्यानं गाडी दुसरीकडे हलवली. आई म्हणाली, सुटलो बाई शिकरणीतून. अप्पा काही बोलले नाहीत.

आज दुपारी मी तो व्हिडिओ अप्पांना दाखवला. सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत, फोन हातभर लांब धरून बघतात. पहिलं वाक्य, ‘टोपी कुठाय ह्याची?’ मग म्हणाले, आवाज बंद कर. ढोल बंद केले. पुन्हा लाव म्हणाले. मी लावला. तिसऱ्यांदा लावायला सांगितला आणि बोट काचेवर टेकवलं, मारणाऱ्या पोलिसावर नाही, मार खाणाऱ्यावरही नाही. पुढं, गाडी धरून बसलेल्या पोरावर.

‘ह्याचा पाय टेकंना बघ खाली,’ म्हणाले. ‘आठवीतलं असंल.’

मी सकाळपासून दहा वेळा तरी बघितला होता. परत लावला. खरंच टेकत नव्हता.