बोर्ड खराब नव्हता, पण चूक आमचीच

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. वडिलांना त्यांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर नाट्यगीतं ऐकता यावीत म्हणून तुम्ही आमच्याकडून रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटासा कॉम्प्युटर आणि पीसीएम ५१०२ए चिपचा डॅक बोर्ड (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा) नेलात. अ‍ॅम्प्लिफायरला लावल्यावर नुसती खरखर, थेट स्पीकरला लावल्यावर डास गुणगुणावा तेवढाच आवाज. बोर्ड परत आणलात, तर काउंटरवरच्या मुलाने "सोल्डर मारलेला माल परत घेत नाही" म्हणून वाटेला लावलं. "लॅमिंग्टन रोडवर येऊन फसलो" हे तुमचं वाक्य मला फार लागलं.

आज दुकान उघडल्या उघडल्या त्याच लॉटमधला बोर्ड काढून झीरोला जोडला. तीच खरखर. मग भिंगाखाली धरला. एससीके (सिस्टिम क्लॉकची पिन) लिहिलंय तिथे दोन इवलेसे पॅड, म्हणजे सोल्डर करायचे धातूचे ठिपके, असतात, ते मोकळे होते. रास्पबेरी पाय या पिनला क्लॉक, म्हणजे चिपला ताल देणारा सिग्नल, देत नाही. पिन ग्राउंडला जोडलेली असली की चिप गाण्याच्या डेटासोबत येणाऱ्या बिट क्लॉकवरून आपलं क्लॉक स्वतः तयार करते; अधांतरी राहिली की गोंधळते. दोन पॅडच्या मधे सोल्डरचा एक थेंब ठेवला, पुन्हा चालू केलं, आणि तंबोऱ्याची तार अगदी स्वच्छ ऐकू आली. मागच्या बाजूचे चार पॅडही बघावे लागतात. तिसरा, एक्सएसएमटीचा (आवाज बंद-चालू करणारा), 'एच'कडे, म्हणजे हायकडे हवा, नाहीतर बोर्ड मुका राहतो. बाकीचे तीन 'एल'कडे, म्हणजे लोकडे.

हे सगळं तुम्हाला माल देतानाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही आमची चूक. झीरोला हेडफोनचा जॅक नसतो, आवाज एचडीएमआयमधूनच येतो, हेही बिल करण्याआधी बोलायला हवं होतं. (२०२३ च्या रास्पबेरी पाय ५ लाही जॅक नाही, त्यामुळे हा प्रश्न आता रोज येणार.) मुलाशी मी बोललोय. आजपासून या लॉटमधला प्रत्येक बोर्ड पॅड जोडून, वाजवून बघूनच देऊ.

स्पीकरचं मात्र तसं नाही. बोर्डातून निघते ती लाइन लेव्हल, म्हणजे अजून न वाढवलेला सिग्नल आहे, फार तर २.१ व्होल्ट, आणि ती अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटसाठी असते. त्या इनपुटचा रोध हजारो ओहम असतो, स्पीकरचा ४ किंवा ८. एवढा करंट ही चिप देऊच शकत नाही, त्यामुळे असा लाइन लेव्हलचा कोणताही डॅक आणलात तरी थेट स्पीकर नीट वाजणार नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ऑक्स लिहिलेल्या सॉकेटमध्ये लावा. फोनो लिहिलंय तिथे नको. ते रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं, तिथे आवाज फाटेल.

झीरोच्या दोन पिनांवर रेझिस्टर-कपॅसिटरचा फिल्टर लावून स्वस्तात काम होतं, असंही कोणी सांगेल. होतं खरं, पण गाणं हळू झालं की मागचा सूं ऐकू येतो. नाट्यसंगीत मन लावून ऐकणाऱ्या माणसाला मी ते देणार नाही.

तुमचा बोर्ड आणि झीरो दोन्ही घेऊन या. अ‍ॅम्प्लिफायर उचलून आणू नका, दुकानात आहे. पॅड मी स्वतः जोडून देतो, तुमच्यासमोर वाजवून बघू. त्यातूनही खरखर राहिली तर नवा बोर्ड न्या किंवा पैसे परत घ्या, बिल नसलं तरी चालेल. रविवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही या.