जडत्व ढकलत नाही, कबूल. मग शेवटचा हिसका कुठून येतो?

सर, नमस्कार.

'ब्रेक लागला की जडत्व आपल्याला पुढे ढकलतं' या माझ्या लोकलवरच्या लेखातल्या वाक्यावर तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. जडत्व म्हणजे आहे त्याच गतीत राहण्याची वस्तूची प्रवृत्ती, ते बल नव्हे. असलं वाचूनच नववीची मुलं पेपरात 'जडत्वाचे बल' लिहितात आणि गुण घालवून बसतात, हे तुमचं म्हणणं. दुसरं, गाडी पूर्ण थांबते त्या क्षणी सगळे उलटे मागे का जातात, ते मी सांगितलंच नाही. आणि तिसरं, लेखातल्या कटिंग चहाच्या गप्पांऐवजी एखादं सोडवलेलं उदाहरण दिलं असतं तर मुलांच्या कामी आलं असतं. तीस वर्षं वर्गात उभं राहिलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर ऐकायलाच हवं. पण चहावर मी भांडणार आहे.

पहिला मुद्दा सरळ मान्य. वाक्य चुकलं होतं, लेखात बदललंय. पुढे ढकलणारं काही नसतंच. आपण गाडीच्या वेगाने चाललेलो असतो आणि तसेच जात राहतो. बल असतं ते मागच्या दिशेने, चप्पल आणि फरशी यांच्यातल्या घर्षणाचं. ते लागतं तळपायांना. त्यामुळे पाय मंदावतात, धड मंदावत नाही, आणि आपण समोरच्याच्या सॅकवर आदळतो. (तुमच्या मुलांच्या वतीने एवढंच सांगतो: 1687 च्या 'प्रिन्सिपिया'त खुद्द न्यूटनने जडत्वाला लॅटिनमध्ये 'व्हिस इनर्शिए', म्हणजे जडत्वाचं बलच म्हटलंय. बोर्डाच्या परीक्षेत त्याचाही गुण गेला असता.)

दुसऱ्या मुद्द्याने मात्र मला कामाला लावलं. सोमवारी लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, मध्यबिंदूपाशी दोरा बांधला, दोऱ्याला घराची किल्ली अडकवली आणि दुपारच्या स्लो लोकलने ठाण्याहून दादरला निघालो. शेजारच्या काकांनी आधी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जरा सरकून बसले.

भांडुपला गाडी मंदावू लागली तसा दोरा पुढे कलला आणि हेलकावे खात साडेचार अंशांच्या आसपास टिकला. या कोनाचं टॅन (त्रिकोणमितीतलं गुणोत्तर) साधारण 0.08 येतं. त्याला गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाने, म्हणजे 9.8 ने, गुणलं की मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, मिळतो: सुमारे 0.8 मीटर प्रति सेकंद वर्ग. मग गाडी थांबली, आणि तुमचा हिसका दोऱ्यात डोळ्यांनी दिसला: किल्ली झपकन मागे गेली, उभ्या रेषेच्या पलीकडे, आणि मग डुलत राहिली. तिला मागे कोणी ढकललं नव्हतं. ती पुढे कललेली होती. मंदन संपलं तसं गुरुत्वाकर्षणाने तिला खाली आणलं आणि आलेल्या वेगात ती पलीकडे गेली.

माणसाचं थोडं वेगळं आहे, कारण माणसाला स्नायू असतात. ब्रेक लागलेला असताना आपण नकळत मागे रेलतो, खांब घट्ट धरून स्वतःला मागे ओढतो. गाडी थांबते तेव्हा मंदन 0.8 वरून एकदम शून्यावर येतं, पण स्नायूंना ते कळायला क्षणभर लागतो. तेवढ्यात ते मागे ओढतच राहतात. आपण दार जोर लावून ढकलावं आणि पलीकडून कोणीतरी ते अचानक उघडावं, तसली ही गंमत. म्हणजे हा हिसका बल लागल्याचा नाही, बल नाहीसं झाल्याचा आहे. मुरलेला मोटरमन थांबण्याच्या जरा आधी ब्रेक हलका करत आणतो, म्हणून काही गाड्यांत हा धक्का जाणवतच नाही.

आता तुमचं सोडवलेलं उदाहरण, याच आकड्यांवर. प्रवासी 60 किलोचा, वेग ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर, मंदन 0.8. त्याला मंदावायला लागणारं बल 60 गुणिले 0.8, म्हणजे 48 न्यूटन. जवळपास पाच किलोच्या तांदळाच्या पिशवीचं वजन. थांबायला 25 सेकंद. अंतर 250 मीटर, म्हणजे जवळजवळ बारा डब्यांच्या गाडीची लांबी. गतिज ऊर्जा 12,000 ज्यूल.

आणि इथेच मला चहा लागतो. 12,000 ज्यूल हा आकडा मुलं पाठ करतात आणि विसरतात. पण 60 ग्रॅम पाण्याचं तापमान 1 अंशाने वाढवायला सुमारे 250 ज्यूल लागतात, म्हणजे एवढ्या ऊर्जेत ते 48 अंशांनी तापेल: 30 वरून 78 वर. धावत्या लोकलमधल्या एका माणसाच्या गतीत एक कटिंग मावतो, सर! हे वाक्य मी काढणार नाही.

एक दुरुस्ती तुमच्याही नजरेतून सुटली. ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते असं मी लिहिलं होतं. आताच्या लोकलमध्ये ब्रेक लावताना मोटर जनित्रासारखी चालते आणि बरीचशी वीज वरच्या तारेत परत जाते. तेही बदललंय.

करून बघणार असाल तर कोनमापक रुळांना समांतर धरा. मी तो आधी रुळांना आडवा धरला होता आणि मुलुंड, नाहूर, दोन्ही स्टेशनांवर शून्यच वाचत बसलो.