ॲक्सेस म्हणालं 'हो', म्हणून?

"फाइल उघडण्याआधी ॲक्सेस फंक्शनने परवानगी तपासा, 'हो' आलं की निर्धास्त उघडा. कुणाला काय करता येतं ते आरडब्ल्यूएक्स (वाचणं, लिहिणं, चालवणं) अक्षरांत दिसतंच. आणि परवानगी काढली की प्रवेश तिथल्या तिथे बंद." युनिक्स-लिनक्स शिकणाऱ्यांना हा सल्ला हमखास मिळतो. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही.

पहिलं सगळ्यात घातक. तपासणं आणि उघडणं हे दोन वेगळे सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) केलेल्या दोन वेगळ्या विनंत्या. मधल्या फटीत नाव तेच राहून नावामागची वस्तू बदलू शकते. समजा, रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) हक्काने चालणाऱ्या सेट-यूआयडी प्रोग्रॅमला (कुणीही चालवला तरी तो आपल्या मालकाच्या हक्काने चालतो) वापरकर्त्याने सांगितलेल्या फाइलमध्ये लिहायचंय. तो ॲक्सेसला विचारतो: या वापरकर्त्याला इथे लिहिता येतं का? फाइल त्याचीच, म्हणून उत्तर 'हो'. तेवढ्यात वापरकर्ता ती फाइल उडवतो आणि त्याच नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) पासवर्डच्या फाइलकडे वळवतो. प्रोग्रॅम उघडतो ते रूटच्या हक्काने. इतकी बारीक वेळ कोण साधणार, असं म्हणू नका. हल्लेखोर हजारदा चुकला तरी त्याचं काही बिघडत नाही.

गंमत अशी, की ॲक्सेस हा कॉल अशाच प्रोग्रॅमसाठी आहे. तो इफेक्टिव्ह यूआयडी (ज्याच्या हक्काने प्रोग्रॅम चालतो त्याचा वापरकर्ता-क्रमांक) नव्हे तर रिअल यूआयडी (ज्याने तो चालवला त्याचा क्रमांक) धरून उत्तर देतो, म्हणजे 'मला चालेल का' नव्हे, 'मला चालवणाऱ्याला चालेल का'. आणि नेमका तिथेच तो दगा देतो. लिनक्सच्या मॅन्युअलमध्येही हा धोका लिहून ठेवलाय. मेनूतलं बटण फिकं दाखवायला तो ठीक. एरवी इफेक्टिव्ह यूआयडी वापरकर्त्याचा करा, थेट उघडा आणि नकार आला तर तो नीट हाताळा. फाइलची माहिती हवी असेल तर उघडल्यानंतर डिस्क्रिप्टरवर (उघडलेल्या फाइलसाठी प्रोसेसला मिळालेल्या क्रमांकावर) एफस्टॅट हा माहिती देणारा कॉल करा, पुन्हा नावाने विचारू नका.

अक्षरांचं म्हणाल तर ०७७ मोडची (मालकाला काहीच नाही, गटाला आणि इतरांना सगळं) फाइल बघा. मालक साधा वापरकर्ता असेल तर वाचू शकत नाही, परके वाचतात! कारण मालक म्हटला की कर्नल फक्त मालकाची तीन अक्षरं बघतो. फाइल हटवता येणं तर तिच्या अक्षरांवर नसतंच; तिथे डिरेक्टरीची परवानगी चालते. विंडोजमध्ये त्याहून फसवं: डीएसीएल (कुणाला काय करता येईल याची यादी) अजिबात नसेल तर सगळ्यांना मोकळं रान, असून रिकामं असेल तर कुणालाच प्रवेश नाही (मालकाला परवानग्या बदलता येतात, तेवढंच).

राहिलं तिसरं. तपासणी होते उघडताना. नंतर सीएचमॉड ००० करून सगळ्या परवानग्या काढल्या तरी आधीच उघडलेल्या डिस्क्रिप्टरमधून वाचन-लेखन चालूच राहतं. प्रत्येक वस्तूचा प्रत्येक वापर तपासला जावा, हे तत्त्व संगणक-सुरक्षेचे अभ्यासक साल्टझर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं, आणि एकदा केलेल्या तपासणीचा निकाल लक्षात ठेवून वेग मिळवण्याकडे संशयाने बघा असंही बजावलं होतं. युनिक्सचा डिस्क्रिप्टर म्हणजे तसाच लक्षात ठेवलेला निकाल. म्हणून कुणाचा प्रवेश खरोखर तोडायचा असेल तर सीएचमॉडनंतर ती फाइल धरून बसलेली प्रोसेसही बंद करावी लागते.