सिलिंडर चालतो, मग बारबेल का नको?

गेल्या पंधरवड्यात एकच फॉरवर्ड मला चार ठिकाणांहून आला. भिशीच्या ग्रुपवर, शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर, अपार्टमेंटच्या ग्रुपवर, आणि शेवटी थेट धाकट्या नणंदेकडून, खाली जोडलेल्या हातांसकट: "वैनी, एवढं वाचाच." मथळा असा: 'चाळिशीनंतर बायकांनी वजनं उचलू नयेत, डॉक्टरांचा इशारा'. कुठले डॉक्टर, कुठल्या गावचे, त्याचा पत्ता नाही. मजकुराचं सार सांगते. वजनं उचलली की गर्भाशय खाली येतं, हाडं मोडतात, बाई पुरुषी दिसायला लागते. या वयात स्नायू वाढत नाहीत, तेव्हा पैसे पाण्यात. अंडी आणि पावडरीनं किडनी जाते. स्टेजवर दिसणाऱ्या बायका आतून आजारी असतात. आणि वर, बिकिनी घालून चारचौघांत उभं राहणं आपल्या संस्कृतीत बसत नाही.

मी 46 वर्षांची, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, पतसंस्थेत नोकरी करते. दोन बाळंतपणं झालीत. सहा आठवड्यांनी बिकिनी फिटनेस स्पर्धेच्या मास्टर्स गटात, म्हणजे पस्तिशीपुढच्या बायकांच्या गटात, स्टेजवर जाणार आहे. त्यामुळे हा फॉरवर्ड माझ्यापर्यंत चार वाटांनी का आला, ते कळायला पंचांग लागत नाही.

गर्भाशयाच्या मुद्द्यावर जरा थांबते, कारण बायका सगळ्यात जास्त घाबरतात त्या यालाच. 'अंग बाहेर येणं' हा त्रास खरा आहे आणि तो सोसत गप्प बसणाऱ्या बायका प्रत्येक घरात आहेत. पण त्याची मुख्य कारणं म्हणजे बाळंतपणं, वाढतं वय, लठ्ठपणा, वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता आणि जुना खोकला. अवघड ओझी वर्षानुवर्षं, कशीही उचलणं हेही त्यात येतं, मान्य. मग मला सांगा, घरात येणारा गॅसचा सिलिंडर किती किलोचा असतो? आत 14.2 किलो गॅस, त्यावर लोखंडी टाकीचं वजन. मिळून तीस किलोच्या आसपास. दारात ठेवून माणूस गेला की तो स्वयंपाकघरापर्यंत कोण नेतं? 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं, तेव्हा माझ्या माहेरी तांदळाची पोती, मिक्सर, इन्व्हर्टरची बॅटरी वरच्या मजल्यावर चढवली ती मी, माझ्या वहिनीनं आणि 68 वर्षांच्या आईनं. त्या रात्री कुठल्याच ग्रुपवर गर्भाशयाची काळजी आली नाही.

फरक एवढाच, की सिलिंडर कसा उचलायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि बारबेल, म्हणजे वजनं लावलेली लोखंडी दांडी, उचलायला शिकवली. श्वास कोंडून कुंथत उचललं तर सगळा दाब ओटीपोटात खाली जातो. उचलताना श्वास सोडायचा, पोट सैल सोडायचं नाही, कंबरेतून वाकायचं पण पाठ गोल करायची नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर मला शिंकलं की लघवीचे दोन थेंब सुटायचे. हे इथं लिहिते, कारण निम्म्या जणी वाचताना मान हलवतील. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवलं, त्यांनी सांगितलेले कीगलचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे, व्यायाम तीन महिने केले, मग पाच-पाच किलोचे डंबेल हातात घेतले. ज्यांना खाली जडपणा जाणवतो, काही उतरल्यासारखं वाटतं, त्यांनीही आधी दवाखान्यात जावं. फॉरवर्डनं एवढं सांगितलं असतं तर मी तो स्वतः पुढं पाठवला असता.

हाडांचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं झपाट्यानं विरळ होतात. त्यांना टिकवायला कॅल्शियमच्या जोडीला भार लागतो, कारण हाड ओढ बसली की घट्ट होतं. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठानं हेच तपासलं. पाळी गेलेल्या आणि हाडं आधीच विरळ झालेल्या शंभरेक बायका घेतल्या, सरासरी वय 65. त्यातल्या निम्म्यांना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास देखरेखीखाली खरोखर जड वजनं उचलायला लावली. त्यांच्या मणक्याची घनता जवळजवळ 3 टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या उरलेल्या निम्म्यांची घटली. 'देखरेखीखाली' हा शब्द मात्र गाळू नका. व्हिडिओ बघून एकटीनं डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून जड बारबेल उचलणं, मारायला जाऊ नका, बाई.

आता पुरुषी दिसण्याचं. पुरुषाच्या दर डेसिलिटर रक्तात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन साधारण 300 ते 1000 नॅनोग्रॅम असतं, बाईच्या 15 ते 70. एवढ्या भांडवलावर दंड फुगत नाहीत. आवाज पुरुषासारखा जाड होतो, दाढी येते ती स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी, आणि गेलेला आवाज बहुधा परत येत नाही. तो दोष लोखंडाच्या माथी कशाला? शिवाय बिकिनी फिटनेस म्हणजे बॉडीबिल्डिंग नव्हे. आयएफबीबी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2010 मध्ये हा वेगळा प्रकार मान्य केला तोच मुळी फार स्नायू नको असलेल्या बायकांसाठी. यात अंग जास्त पिळदार, कोरडं दिसलं तर गुण जातात. बघतात ती एकूण ठेवण, बांधा, त्वचा, चाल. राहता राहिलं पुरुषीपण, तर कोल्हापुरात आम्ही बायका जन्मापासून 'मी आलो, मी गेलो, मी जेवलो' म्हणतो. अजून तरी कुणाला मिशा फुटलेल्या नाहीत.

स्नायू वाढत नाहीत हे दोन ओळींत निकालात निघतं. तिशीनंतर दर दहा वर्षांत 3 ते 8 टक्के स्नायू झडतात ते न वापरल्यानं जास्त. 1990 मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांची वजनं मारायला लावली, तर ताकद दुपटीच्याही वर गेली. अमेरिकेच्या अर्नेस्टिन शेफर्ड बाईंनी वयाच्या 56 व्या वर्षी व्यायाम सुरू केला आणि पुढं जगातल्या सर्वांत वयस्कर महिला बॉडीबिल्डर म्हणून गिनीजमध्ये नाव लागलं. माझी चाळिशी म्हणजे त्यांच्या हिशेबात शाळेची मधली सुट्टी.

किडनीचा मुद्दा ऐकून मला आधी गंगावेशीतला दूधकट्टा आठवला. समोर म्हैस पिळतात, फेसासकट पेला हातात येतो. एकेक पैलवान किती रिचवतो ते मोजायला बसलो तर आकडे चुकतील. खासबागेच्या मातीत उतरणाऱ्याच्या बदाम, तूप, दुधाला 'खुराक' म्हणायचं आणि माझ्या चार उकडलेल्या अंड्यांना विष? गणित साधं आहे. माझं वजन 62 किलो. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार किलोला 0.83 ग्रॅम, म्हणजे मला रोज 51 ग्रॅम प्रथिनं नुसती जगायला हवीत. आधी डायरी लिहिली तेव्हा कळलं, मी चाळीस ग्रॅमही गाठत नव्हते. आता तयारीत किलोला 1.6 प्रमाणं 99 ग्रॅम घेते. अंड्यातून सहा-सहा, बाकी चिकन, डाळ, ताक, सोयाबीनच्या वड्या, आणि कमी पडलं तर एक चमचा व्हे, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची पावडर. किडनीचा विकार आधीच असेल, जुना मधुमेह वा बीपी असेल, तर एवढी प्रथिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. धडधाकट किडनी याने बिघडते असा पुरावा नाही. तरी सुरुवातीला मी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं, त्यावरून किडनीचं काम कळतं, दर तीन महिन्यांनी तपासते. दीडशे-दोनशे रुपयांचं काम. (रविवारी मटण खाते, होय. तांबड्यावरचा तवंग पळीनं बाजूला सारते आणि पांढरा रस्सा अर्धी वाटी. त्यावर तडजोड नाही.)

'स्टेजवरच्या बायका आजारी असतात.' इथं मात्र फॉरवर्डवाल्याला मी पूर्ण खोटं ठरवणार नाही. माझी ही दुसरी तयारी. पहिल्या वेळी एका जिममधल्या ट्रेनरनं आठ आठवड्यांत बारा किलो उतरवायचं ठरवलं. भाकरी बंद, मीठ बंद, शेवटी पाणीही मोजून, आणि बिनलेबलाच्या डबीतल्या गोळ्या. पाचव्या आठवड्यात मी पोळ्या लाटता लाटता ओट्याशीच खाली बसले, लाटणं हातात तसंच. पाळी चार महिने आली नाही. मला वाटलं वय झालं. डॉक्टर म्हणाल्या, उपासमार झाली. खाणं आणि कष्ट यांचा मेळ असा तुटला की पाळी, हाडं, झोप, मन सगळंच बिघडतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2014 मध्ये या अवस्थेला रीतसर नाव दिलं. शरीरातलं पाणी काढण्याच्या नादात तर माणसं गेलीत: 1992 मध्ये मोहम्मद बेनअझीझा हा नावाजलेला बॉडीबिल्डर स्पर्धा आटोपल्यावर काही तासांत गेला. आणि स्नायूंत तीन चतुर्थांश पाणीच असतं. ते काढलं तर अंग उठून दिसायचं सोडून चपटं दिसतं, म्हणजे जिवावर उदार होऊन फायदाही नाही.

म्हणून यंदा वीस आठवडे घेतलेत. आठवड्याला अर्ध्या किलोच्या वर उतरलं की खाणं वाढवायचं, गोळी कुठलीच नाही, पाणी शेवटच्या दिवसापर्यंत चालू. ज्वारीची भाकरी दुपारी एक, वजन करून. स्टेजवरचं अंग दोन दिवसांचं असतं, ते कायम टिकवायचं नसतं, हेही यंदा कुणीतरी सांगितलं. थोडक्यात, भ्यायचं तर उपाशी ठेवणाऱ्याला भ्या. त्या फॉरवर्डमध्ये सात मुद्दे आहेत आणि बिनलेबलाच्या डबीबद्दल अवाक्षर नाही.

राहिली संस्कृती. नियमाप्रमाणं बिकिनीला मागं निम्मं झाकलेलं लागतं, थाँगला बंदी आहे, आणि टाच 12 सेंटिमीटरच्या वर नको. आयुष्य कोल्हापुरी पायताणात गेलेल्या बाईला खरी लाज त्या टाचांची वाटते. रात्री दहानंतर गच्चीवर सराव करते, पाण्याच्या टाकीला धरून. बिकिनीवर खडे चिकटवतेय ती माझी नेहमीची टेलरबाई, जी नवरीचे ब्लाउज शिवते. तिनं विचारलं ते एवढंच: खडे चांदी-पांढरे की सोनेरी, आणि घामानं निघाले तर पैसे परत मागायचे नाहीत. नवऱ्याला मी सांगितलं, विचारलं नाही. 46 व्या वर्षी आपल्या अंगाबद्दल कुणाची परवानगी काढायला मी लहान नाही, आणि वन्संनाही हेच कळवलंय, नीट शब्दांत.

सासूबाईंना बिकिनीचा फोटो दाखवायला मी दोन दिवस घाबरत होते. त्यांनी चष्मा लावून मोबाइल जवळ घेतला, बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "एवढ्याशा कापडात हुबं ऱ्हायचं म्हंजे थंडी न्हाई व्हय वाजणार?"

हा आठवा मुद्दा, आणि याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागच्या वर्षी एका मैत्रिणीबरोबर स्टेजमागं गेले होते. एसी हॉल, अंगावर चरबी नाही, टॅन, म्हणजे अंगाला फासलेला सावळा रंग, सुकत आलेला, आणि सगळ्या जणी काकडत उभ्या. शाल लपेटता येत नाही, टॅन पुसला जातो. डोक्यातून घालायचं काही चालत नाही. सासूबाईंनी ट्रंकेतून त्यांचा जुना काळा गाऊन काढून दिलाय. सैल आहे आणि बटणं पुढून आहेत. वरचं एक तुटलंय, ते तेवढं लावून घ्यायचंय.