बंबाचं झाकण वेल्डिंग करून बंद करू नका, आणि त्या मेसेजमधलं बाकीचंही एकदा तपासून घ्या

गेले पंधरा दिवस एक मेसेज आमच्या वाडीच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर, होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर, सगळीकडे फिरतोय. "घरगुती बंबाला निम्म्या लाकडात पाणी तापवा, सहा खात्रीचे उपाय." उपाय थोडक्यात असे: ओली फाटी वापरा, ती हळू जळते आणि तिच्यातल्या पाण्याचा हायड्रोजन होऊन तोही जळतो. लोखंडी ड्रम काढून तांब्याचा बंब घ्या, लाकूड निम्म्यावर येतं. बंबाला बाहेरून काळा रंग द्या. काजळी धरू नये म्हणून आठवड्यातून एकदा मूठभर मीठ आगीत टाका. जाळ लागला की खालचं दार बंद करून धुमसत ठेवा म्हणजे उष्णता चिमणीतून पळत नाही. आणि सहावा, झाकण वेल्डिंग करून घट्ट बंद करा म्हणजे वाफ वाया जात नाही.

मी देवगड तालुक्यात राहतो, आमच्या मागील दारी न्हाणीला लागून २०० लिटरच्या ड्रमचा घरीच बनवलेला बंब आहे, मधून जाळ आणि धूर वर जायला सहा इंची पाइप, खाली सळयांची जाळी, बाजूला नळ. होमस्टेच्या पाहुण्यांचं सगळं पाणी आठ वर्षं त्याच्यावरच तापतंय, त्यामुळे यातलं बरंच काही मी स्वतः करून बघितलंय, काही चुकाही केल्यात.

सहावा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्या उपायांनी फार तर लाकूड वाया जाईल, याने माणूस जाईल.

बंद भांड्यात पाणी तापवलं की ते १०० अंशावर थांबत नाही, पुढे जातं, आणि १२० अंशाला आतला दाब साधारण एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर होतो. घरातल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत जवळपास एवढाच दाब असतो. पण कुकर त्यासाठी बनवलेला असतो, त्याला शिट्टी असते, ती अडकली तर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आपला ड्रम तेल भरायला बनवलेला, पत्रा जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर. त्याच्या झाकणाचा व्यास साधारण ५७ सेंटीमीटर, म्हणजे क्षेत्रफळ अडीच हजार चौरस सेंटीमीटर, म्हणजे कुकरच्याच दाबाला त्या झाकणावर आतून अडीच हजार किलोचा जोर येतो. अडीच टन! आणि पत्रा फाटला की १२० अंशाचं पाणी एकदम मोकळं होतं, १०० लिटरातलं साडेतीन-चार लिटर त्याच क्षणी वाफ बनतं आणि एका लिटरची वाफ सोळाशे-सतराशे लिटर जागा मागते, तेव्हा हिशोब तुम्हीच करा.

गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाने असंच कुणाचं तरी ऐकून झाकण वेल्डिंग करून घेतलं. टाकीतून येणाऱ्या पाइपला कॉक, गरम पाण्याला नळ, बाकी सगळं बंद. एका सकाळी टाकीचं पाणी वाया जातंय म्हणून कुणीतरी तो कॉक फिरवला आणि खाली जाळ चालूच राहिला. सुदैवाने ड्रम फाटला नाही, तळ पोटासारखा फुगला आणि नळ बुडासकट उडाला. समोरच्या चिऱ्याच्या भिंतीला जिथे तो आपटला तिथे अजून मुठीएवढा खड्डा आहे, मी बोट घालून बघितलाय. वैनी पाचच मिनिटं आधी तिथे बादली लावून उभी होती. हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतो, म्हणून ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवलाय त्यांना हात जोडून सांगतो, तेवढी ओळ तरी मागे घ्या.

आणि वाचतं किती? अंघोळीला पाणी ५५-६० अंशाला लागतं, उकळायचं नसतंच. वर नुसतं सैल झाकण ठेवलं तरी वाफेतून जाणारी जवळपास सगळी उष्णता अडते, घट्ट केल्याने त्यात काहीही भर पडत नाही. जुन्या तांब्याच्या बंबांना वरचं तोंड उघडंच असायचं, वाडवडिलांना घट्ट झाकण बनवता येत नव्हतं म्हणून नाही. कुणी आधीच झाकण जोडून घेतलं असेल तर त्याला आजच भोक पाडून एक इंची पाइप सरळ वर काढा, टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच, आणि त्या पाइपला कॉक, व्हॉल्व्ह, बूच काहीही लावू नका.

आता ओल्या फाटीचं. हळू जळते हे खरं आहे, पण हळू का जळते ते बघा ना.

१०० लिटर पाणी २५ वरून ५५ अंशाला न्यायला ३,००० किलोकॅलरी लागतात, यात कुठलाही बंब कमीजास्त करू शकत नाही. चांगल्या सुकलेल्या लाकडात किलोमागे साधारण साडेतीन हजार असतात. म्हणजे सगळी उष्णता पाण्यात गेली असती तर एक किलोच्या आत काम झालं असतं, पण घरगुती बंबात चौथा हिस्सा पाण्यात गेला तरी खूप. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं. त्या एक किलोत लाकूड अर्धा किलो, त्याचे २,२०० धरा, आणि अर्धा लिटर पाण्याची वाफ करायला ३०० जातात, राहिले १,९०० च्या आसपास. इथपर्यंत लोक म्हणतात की ३०० च तर गेले. पण खरी नासाडी पुढे आहे. लाकडाचा बहुतेक भाग, कोरड्या वजनाच्या पाऊण हिश्श्याच्या आसपास, आधी गॅस होतो आणि मग तो गॅस जळतो, आपण ज्याला ज्वाळा म्हणतो ती हीच. तो नीट जळायला भट्टीत सहाशे-सातशे अंश तरी पाहिजेत. ओलं लाकूड भट्टी तेवढी तापूच देत नाही, मग तो गॅस न जळताच पांढरा-पिवळा धूर होऊन वर जातो, आणि डोळ्यांना झोंबतो तो हाच, आपण विकत आणलेला नाहीतर डोक्यावरून वाहून आणलेला.

हायड्रोजनचं म्हणाल तर लाल निखाऱ्यावर वाफ गेली की थोडा हायड्रोजन होतो हे खोटं नाही. पण तो बनवायला निखाऱ्यातलीच उष्णता खर्च होते, आणि नंतर तो जळला तरी जास्तीत जास्त तेवढीच परत मिळते, वर एक कॅलरी नाही. मधल्या मधे निखारा तेवढा थंड होतो.

मी जानेवारीत ताणकाट्यावर वजन करून बघितलं. त्याच १०० लिटरला सुकी आकेशिया (आमच्याकडे ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतात) चार किलो लागली, पाऊण तासात पाणी तयार. तीच आकेशिया आठवड्यापूर्वी तोडलेली, अकरा किलो गेली आणि दीड तास झाला, पाहुणे टॉवेल घेऊन पडवीत बसलेले. कुणी म्हणेल अकरातलं निम्मं पाणीच होतं, बरं, तरी कोरडं लाकूड साडेपाच किलो होतं.

तेव्हा फाटी नोव्हेंबर-डिसेंबरात तोडा आणि तोडल्या तोडल्या फोडा, आख्खं ओंडकं सालीसकट वर्षभर पडलं तरी आत ओलंच असतं. मनगटाएवढी जाडी बास. मे महिन्याच्या मध्यापर्यंत उन्हावाऱ्यात रचून ठेवायची, खाली दोन आडवी लाकडं घालून, जमिनीला टेकवायची नाही, आणि वळवाच्या आधी पडवीत किंवा मांगरात (शेतातल्या खोपटात) घ्यायची. सुकली का ते बघायला दोन तुकडे एकमेकांवर आपटा, सुकं खणकन वाजतं, ओलं धप्प. जुलै-ऑगस्टात आपल्या हवेत सुकी फाटीसुद्धा थोडी ओल परत धरतेच, म्हणून उद्याची फाटी आज बंबाच्या बाजूला, जाळापासून हातभर लांब ठेवायची सवय लावा. करवंट्या फेकू नका, जाळ पकडवायला त्यांच्यासारखं काही नाही. नारळाची सोडणं मात्र सुकल्याशिवाय घालूच नका, धुराशिवाय काही मिळत नाही.

दार बंद करून धुमसत ठेवायचा सल्ला हा याचाच भाऊ. उष्णता चिमणीतून जाते हे बरोबर आहे, पण हवा तोडली तर लाकडातला गॅसच न जळता चिमणीतून जातो, आणि तो नुकसानीचा आकडा मोठा. शिवाय त्यात कार्बन मोनॉक्साइड हा जीवघेणा वायू असतो, ज्याला वास नाही, आणि आपल्याकडे कितीतरी घरांत बंब न्हाणीला चिकटून असतो. त्या गॅसमधलं डांबर थंड पाइपला चिकटतं ते वेगळंच. उलट करायचं: जाळ लहान पण कडक, थोडी थोडी फाटी, खालून जाळीतून हवा मोकळी. जाळीखालची राख रोज काढा, ती वर आली की हवा बंद आणि सळयाही वाकतात. पहिली पाच-सात मिनिटं सोडली तर चिमणीच्या तोंडाशी धूर दिसता कामा नये.

आणि गरम गॅस चिमणीतून सरळ पळतोच, तर त्याला आतच फिरवा की! मी मधल्या पाइपमध्ये चार इंच रुंद लोखंडी पट्टी पिळून सोडलीय, जिलेबीसारखी नाही, सावकाश पीळ, पूर्ण उंचीत दोन फेरे. वर हूक आहे, फाटी घालताना उचलून ठेवतो. गॅस गोल फिरत पाइपच्या अंगाला घासत वर जातो. पट्टी भंगारातली, पिळून देणाऱ्याने चहाचे पैसेही घेतले नाहीत, आणि चार किलोचे सव्वातीन किलो झाले. पीळ जास्त दिला तर मात्र ओढ कमी होऊन धूर खालून येतो, मला पहिल्यांदा तसंच झालं, पट्टी काढून थोडी उलगडावी लागली.

तांब्याचा मुद्दा लोकांना लगेच पटतो कारण तांबं उष्णता लोखंडाच्या सात-आठ पट चांगली वाहून नेतं, हे शाळेत शिकलोय. पण अडचण पत्र्यात नाहीच. गरम गॅसचा एक पातळ थर पाइपच्या आतल्या अंगाला चिकटून असतो, उष्णतेला खरी अडवणूक तो करतो, त्याच्यापुढे दोन मिलिमीटर लोखंडाची अडवणूक शेकडो पट कमी. तुम्ही लोखंडाचं तांबं केलं तर या शेकड्यातल्या एखाद्या भागाचाही फरक पडणार नाही. काजळीचं मात्र तसं नाही, दोन-तीन मिलिमीटर काजळी त्या गॅसच्या थराएवढीच अडवते, म्हणजे तांब्याचा काजळलेला बंब लोखंडाच्या स्वच्छ बंबापुढे हरणार. आमच्याकडे दर रविवारी लांब दांड्याचा तारेचा ब्रश पाइपमधून दहा वेळा वरखाली होतो. तांबं खाऱ्या हवेत टिकतं, दिसतं सुंदर, आजीचा बंब असेल तर जपून वापरा, पण लाकूड वाचेल म्हणून कर्ज काढून घेऊ नका.

मिठाने काजळी सैल होते असं जुने लोकही सांगायचे, म्हणून यावर कुणाला हसणार नाही. पण आगीत मीठ गेलं की त्यातलं क्लोरिन ओलाव्याबरोबर आम्ल बनतं आणि पाइप आतून खातं. आधीच आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने पत्रा किती वर्षं टिकतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. याच कारणाने किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड बंबात घालू नका, ते फुकट मिळतं, मीही दोन पावसाळे घातलं, आणि पाइपला सुईच्या टोकाएवढी भोकं पडून पाणी थेट जाळावर ठिबकायला लागलं तेव्हा कळलं. त्या धुरात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यंही असतात.

काळा रंग ऊन पिऊन पाणी तापवायला ठीक, सोलर हीटरला. बंबात उष्णता आतून बाहेर जाते, आणि काळं अंग उष्णता बाहेरही तेवढीच जोरात टाकतं. साठ अंशाचा काळा ड्रम या वाटेने चकचकीत तांब्याच्या दहा-वीस पट उष्णता हवेत सोडतो. रंगाऐवजी ड्रमभोवती दोन इंच जागा सोडून दुसरा पत्रा गुंडाळा आणि मधे भाताच्या तुसाची राख ठासून भरा, गिरणीवाल्याकडे किंवा वीटभट्टीवर मिळते. गोणपाट नको, खालून पेटतं. वरून पत्र्याची टोपी करा, राख भिजली की उपयोग संपला. एवढं केल्यावर रात्री नऊला ५५ अंशावर सोडलेलं पाणी पहाटे साडेपाचलाही अंघोळीपुरतं गरम मिळतं, फक्त एक काम विसरू नका: मधल्या पाइपमधून रात्रभर गार वारा वर ओढला जातो आणि पाणी आतून थंड होतं, म्हणून निखारे पूर्ण विझून राख हाताला गार लागली की खालचं दार तेव्हा बंद करायचं.