बसायला मनाई असलेली खुर्ची

पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगते. डोकं तापलं आहे, टाईप केल्याशिवाय झोप लागणार नाही.

आज दुपारी नागपुरात वर्धा रोडवर एका नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेले होते. घर छान, माणसं गोड, भरल्या वांग्यांना तर तोड नाही. पण लिफ्ट बंद, गुडघे कुरकुर करून राहिले होते, म्हणून हॉलमध्ये समोर दिसली त्या वेताच्या खुर्चीवर टेकणार तेवढ्यात घरची सून जवळजवळ ओरडलीच, "काकू नको नको, त्यावर नाही बसायचं, ती व्हिंटेज आहे!"

मग बसायचं कशावर बाप्पा? तर मंडपवाल्याच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर. बसले. तिथून तो अख्खा व्हिंटेज कोपरा नीट बघितला. पितळेच्या गुंडात, म्हणजे पाण्याच्या मोठ्या भांड्यात, वाळलेलं गवत खोचलेलं, कंदिलात एलईडीची माळ, कर्णा लावलेला ग्रामोफोन ज्याला सुईच नाही, आणि सुताच्या मिलमधल्या लाकडी बॉबिनचा केलेला लॅम्प. विचारलं, कोणत्या मिलची गं ही बॉबिन? तर म्हणे, माहीत नाही, ऑनलाइन घेतली, इंडस्ट्रियल लुक आहे. अगं, 1877 साली जमशेदजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली ती याच गावात, तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे आणि तू त्याच मॉलमध्ये शॉपिंग करतेस! तुझ्या बिल्डिंगच्या वॉचमनचा आजोबा कदाचित त्याच मिलमध्ये असेल, विचार एकदा. पण नाही, लुक आहे ना.

माझ्याकडे पण एक वेताची खुर्ची आहे. जुन्या मित्रमैत्रिणींना माहीत आहे, आमच्याकडे आलात की तुम्ही तिच्यावरच पसरता.

ती बाबांनी लिलावात घेतलेली. 1956 पर्यंत नागपूर राजधानी होतं, आधी सीपी अँड बेरारची, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची, मग जुन्या मध्य प्रदेशाची, आणि राजधानी गेली तरी साहेबी फर्निचर ऑफिसांच्या गोदामांत पडून राहिलं. अधूनमधून त्याचा लिलाव निघायचा. बाबा क्लार्क, नवीन फर्निचरची ऐपत नाही, तर एक दिवस सायकल रिक्षावर ही आरामखुर्ची घालून घरी आले. आईनं दारातच अडवलं. कोणाची आहे, कोण कोण बसलं असेल, आणि मुख्य म्हणजे ढेकूण! मे महिना होता. आईनं अंगणात खुर्ची उलटी केली, सांध्यासांध्यात उकळतं पाणी ओतलं आणि कित्येक दिवस तिला उन्हात तापत ठेवली. आपलं मे महिन्याचं ऊन म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, ढेकूण काय, त्यांचे पूर्वज पण गेले असतील. उलटी केल्यावर खाली पांढऱ्या रंगात सरकारी नंबर दिसला. आईनं तो घासून काढायचा फार प्रयत्न केला. निघाला नाही. मग तिनं जुन्या साडीची झालर शिवून खुर्चीला खालून लावली, म्हणजे आल्या-गेल्याला कळायला नको की सेकंडहँड आहे.

आणि आज काय, तर लोक तसे नंबर मुद्दाम रंगवून घेऊन राहिले, स्टेन्सिलनं!

मला जुनं सामान आवडत नाही असं नाही हो. उलट मीच ती बाई आहे जी भंगारवाल्याच्या हातगाडीला थांबवून बघते. सीपी टीकचं, म्हणजे इकडच्याच सागाचं, जुनं लाकूड हातात घेऊन बघा, खिळा न मारता खाचेत बसवलेले सांधे बघा, वर लाखेचं पॉलिश, स्पिरिटमध्ये लाख विरघळवून कापडाच्या बोळ्यानं थरावर थर चढवलेलं, चरा पडला तर तेवढाच भाग परत करता येतो. आजचं ते भुश्श्याचं दाबलेलं फर्निचर, नळ एकदा गळला की फुगून बसतं. नव्या पोरांना हे कळायला लागलं असेल तर चांगलंच आहे, तेवढं मान्य.

पण वापरा ना! वापरण्यासाठीच केलं होतं ते कोणीतरी.

आणि निम्मं तर जुनं नसतंच. पितळ म्हणून घेतलेल्या वस्तूला घरी साधं चुंबक लावून बघा, चिकटलं की आत लोखंड आहे आणि वरून मुलामा. मुरादाबादेहून नवं कोरं पितळ येतं, केमिकलनं काळवंडवलेलं, त्याला अँटिक फिनिश म्हणतात. रविवर्म्याची देवी फ्रेममध्ये लावली आहे? भिंग धरा, जाळीसारखे एकसारखे बारीक ठिपके दिसले तर ती आत्ताची ऑफसेट छपाई, 1894 ला मुंबईत काढलेल्या त्याच्या छापखान्यातली नव्हे. आणि तो कुत्र्याच्या चित्राचा ग्रामोफोन तर बहुतेक वेळा कालपरवाच जोडलेला असतो, कर्णा एकीकडचा, पेटी दुसरीकडची. मी हे तिथे बोलले नाही. वास्तुशांतीच्या दिवशी कोणाचं मन कशाला मोडा. इथे बोलते.

एका गोष्टीवर मात्र गप्प बसवलं नाही. बाल्कनीत मनीप्लांटच्या बाजूला काळ्या दगडाचं एक मूर्तीचं डोकं ठेवलेलं. खरंखुरं, झिजलेलं. "गावाकडून आणलं, तिथे असंच शेतात पडलं होतं काकू." असंच पडलं होतं म्हणजे? आपल्या विदर्भात जुनी हेमाडपंती देवळं किती, त्यांचे दगड शेतांच्या बांधांवर असतातच, म्हणून काय गाडीच्या डिक्कीत घालून आणायचे? 1972 चा कायदा आहे, शंभर वर्षांवरची दगडी मूर्ती पुरातत्त्व खात्याकडे नोंदवावी लागते. आणि कायदा ठेवा बाजूला, त्या गावात एखादी म्हातारी रोज त्याला हळदकुंकू लावत असेल, ती आता कुठे लावेल? हे मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. नवरा खुणा करून राहिला होता, चला म्हणून.

मग ती पोट्टी जे बोलली त्यावरून ही पोस्ट. म्हणे, "तुमच्याच पिढीनं सगळं पितळ मोडीत घातलं ना काकू, आम्ही निदान वाचवून राहिलो."

घातलं. इतवारीच्या भांडे ओळीत किलोवर दिलं आणि स्टील आणलं. काहून दिलं ते पण ऐक. कारण ते घासणारी आई होती. चिंच, राख, नारळाची शेंडी, आणि हाताला भेगा. कल्हई उडाली की आंबट वरण कळकायचं, मग कल्हईवाल्याची वाट बघा, तो आला की भाता, कथील, नवसागराचा धूर, आणि पैसे. स्टील आलं त्या दिवशी माझी आई खुश होती. पितळी गंज, म्हणजे पातेलं, मिळालं म्हणून कोणी आईइतकं खुश झालेलं मी अजून बघितलं नाही. वाचवून राहिलो म्हणे. तुझ्या गुंडात पाणी आहे का? गवत आहे. ते गवत बाई झटकते आठवड्यातून एकदा, आणि ती बाई घरी स्टीलचीच भांडी वापरते.

जरा जास्त बोलले का? असू दे.

बाबांच्या खुर्चीचं सांगत होते. तिचं वेत फाटलं की एक विणणारे काका यायचे. त्यांना दिसत नव्हतं. सरकारी ऑफिसांतल्या खुर्च्या विणायचं काम तेव्हा कित्येक ठिकाणी अंध कारागीरच करायचे, बाबांनी त्यांना ऑफिसातूनच गाठलं होतं. वेताची साल बादलीत भिजत घालायची, आणि मग चौकटीच्या एकेका भोकातून ओवत आडवी, उभी, तिरपी. आम्ही पोरं अवतीभवती बसायचो, मधूनच एक पट्टी लपवायचो, ते बोटांनी मोजून सांगायचे की एक कमी आहे, द्या बरं. दुपारी आई त्यांना जेवायला वाढायची, आणि एकदा त्यांनीच तिला सांगितलं, ताई, झालर काढा, खालून हवा लागू द्या, अधूनमधून ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर वेत वाळून तडकतं. आईनं झालर काढली. सरकारी नंबर सगळ्यांना दिसायला लागला आणि काही म्हणता काही झालं नाही.

त्या सुनेच्या खुर्चीचं वेत दिवसभर एसीत वाळून चाललं आहे. आणि ते हातानं विणलेलं नाहीच, मशीनची तयार जाळी खाचेत दाबून बसवली आहे, मी वाकून बघितलं. ती बसू देत नव्हती कारण बसलं तर जाळी सुटेल, हे तिला पण माहीत असावं. बिचारी. ऑनलाइन दिलेल्या पैशांत एखाद्या सुतारानं तिला जुनी खुर्ची दुरुस्त करून दिली असती, पॉलिशसकट, आणि माझ्यासारख्या दोन काकू त्यावर आरामात बसल्या असत्या. पण सुताराकडे घासाघीस करायची आणि वेबसाईटवर सांगेल ती किंमत भरायची, ही आपली रीत. सगळेच करतात.

निघताना तिनं डब्यात वांगी भरून दिली आणि म्हणाली, काकू, तुमच्या घरी येऊन ती खुर्ची बघायची आहे. ये म्हटलं. राग अर्धा तिथेच उतरला होता, उरलेला इथे उतरवला. मूर्तीचं मात्र मी सोडणार नाही, तिच्या सासऱ्यांना उद्या फोन करणार आहे, ते समजूतदार आहेत.

आता कामाचं. आमच्या खुर्चीचं डावीकडचं वेत परत फाटलं आहे आणि ते काका जाऊन बरीच वर्षं झाली. नागपुरात, नाहीतर कामठी, वर्धा, भंडारा कुठेही, हातानं भोकातून वेत विणणारं कोणी माहीत असेल तर इनबॉक्समध्ये नंबर पाठवा. पैसे मागतील तेवढे देईन. प्लास्टिकच्या वायरीनं विणणारे नको, त्यांचे नंबर आहेत माझ्याकडे.