बारा पानांचा मेन्यू आणि तीन पातेली

इंदूरमध्ये खरे खाणे उभ्यानेच होते, हे येथे वाढलेल्या मराठी माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. सराफ्यात रात्री दागिन्यांची दुकाने बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि थंडीत गराडू हा कंद तळला जाऊ लागतो, छप्पन दुकान या खाऊगल्लीत वाफेवर ठेवलेल्या पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाला पडतो, आणि खुर्ची मिळाली नाही म्हणून तेथून कोणी रुसून गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तरीही आत्यांच्या साठीला ‘नीट बसून जेवू’ असा ठराव घरात एकमताने संमत झाला. म्हणजे पुतण्याने तो मांडला आणि इतरांनी तोंड उघडण्यापूर्वी टेबल राखून ठेवले.

बायपासकडच्या त्या नव्या उपाहारगृहात उजेड इतका बेताचा होता, की काकांनी मेन्यू वाचण्यासाठी आधी चश्मा बदलला, मग मोबाईलचा दिवा लावला आणि शेवटी शेजारच्या टेबलावर जे आहे तेच मागवू असे जाहीर केले. परंतु शेजारच्या टेबलावर काय आहे हेही दिसत नव्हते. ‘भिया, मिर्ची थोडी कम रखना,’ असे त्यांनी वाढप्याला सांगितले, तर तो अदबीने ‘शुअर सर’ म्हणाला. ‘भिया’ या हाकेला असे उत्तर आले की इंदुरी माणसाचा निम्मा आत्मविश्वास तेथेच ओसरतो. त्यानंतर काका बराच वेळ गप्प होते.

सुरुवातीला ‘मालवी बाफला बाइट्स’ आले. बाटी, म्हणजे कणकेचा गोळा, थेट भाजतात. बाफला मात्र आधी पाण्यात उकडून मग भाजतात आणि शेवटी तुपात बुडवतात, म्हणूनच तो बोटांनी दाबताच फुटतो, डाळ पिऊन घेतो आणि खाणाऱ्याला दुपारभर झोपवतो. येथे उकडण्याची पायरी बहुधा वेळेअभावी आणि तुपाची पायरी बहुधा आमच्या प्रकृतीच्या काळजीने गाळली असावी. काळ्या दगडी पाटीवर चार गोळे मांडले होते आणि त्यांच्या बाजूला डाळीची नुसती रेघ ओढली होती. सी. के. नायडूंच्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला खरा, पण हा चेंडू हाती असता तर आणखी दोनदा तरी जिंकला असता, असे मत काकांनी एक गोळा तर्जनी आणि मधल्या बोटात धरून व्यक्त केले. आत्यांनी आपल्या वाट्याचा गोळा कागदी रुमालात गुंडाळला. त्याचे पुढे काय झाले, हे मी विचारले नाही.

मुख्य जेवणासाठी आम्ही पनीर मखनी, कढाई पनीर आणि नवरत्न कोर्मा मागवले. हॉटेलांच्या स्वयंपाकघरात सकाळीच रश्शाची मोठी पातेली लागतात, हे मला ठाऊक आहे: टोमॅटो-काजूची लाल, परतलेल्या कांद्याची तपकिरी आणि काजू-मगजाची पांढरी. कांदा नीट तांबूस व्हायला जो वेळ लागतो, तो प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नव्याने काढणे शक्य नसते, त्यामुळे या पद्धतीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. उत्तम बल्लवही तीच पातेली वापरतात, परंतु ते मखनीत लोणी आणि कसुरी मेथी घालतात, कढाईसाठी धणे आणि सुक्या मिरच्या ताज्या भाजून कुटतात, आणि मगच पदार्थाला नाव देतात. आमच्याकडे नाव आधी आले आणि पदार्थ शेवटपर्यंत आलाच नाही. एका वाडग्यात सिमला मिरचीचे तीन चौकोन होते म्हणून तो कढाई पनीर, एकात डाळिंबाचे दाणे होते म्हणून तो कोर्मा, आणि ज्यात काहीच नव्हते तो मखनी, असे आम्ही पुराव्यावरून ठरवले. चव तिन्हींची एकच होती, आणि तीही गोड. गोडाचे वावडे आम्हाला नाही, पोह्यांबरोबर जिलबी खाणाऱ्या गावाला ते असणेही शक्य नाही. परंतु जिलबीचा पाक भाजीत उतरलेला पाहून कोर्म्यातल्या उरलेल्या आठ रत्नांविषयी माझी चौकशी करण्याची इच्छाच मावळली.

बिल आले आणि काकांना सूर सापडला. लेखा विभागात उमेदीची वर्षे घालवलेल्या या गृहस्थांना उजेड नसतानाही दहा टक्के सेवाशुल्क दिसले. बिलात असे शुल्क आपोआप लावू नये, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच सांगितले आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरले आहे, असे त्यांनी व्यवस्थापकाला इतक्या शांतपणे समजावले, की त्याने ते निमूटपणे काढले आणि उरलेले अन्नही बांधून दिले. डब्यांवर शाईने लिहिलेली नावे मात्र घरी पोहोचेपर्यंत वाफेने पुसली गेली होती.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी तिन्ही डबे एकाच कढईत उपडे केले, त्यात तिखट घातले, लिंबू पिळले आणि वर मूठभर लवंगी शेव पसरली. आत्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले. काकांनी खिशातून बिल काढून उलगडले आणि यातली चारशे पंचेचाळीसची भाजी कोणती तेवढी मला दाखवा, मी तीच आधी संपवतो, असे म्हणून ते पोळीचा घास हातात धरून बसून राहिले.